बोटभर प्राण्यांची आतडी

हनी पॉसम हा ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला प्राणी. बँक्सिया आणि तिच्या कुळातल्या झुडपांनी भरलेले वालुकामय माळरान हे त्याचे घर. पूर्ण वाढलेल्या हनी पॉसमचे वजन ९ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि तेवढ्या देहाला तग धरायला रोज सुमारे ७ मिलिलिटर मकरंद आणि १ ग्रॅम परागकण लागतात. म्हणजे दर दिवशी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके अन्न हा प्राणी पोटात घेतो. हे अन्न मावते कुठे, किती वेळ थांबते, त्यातले अंगी काय लागते आणि बाहेर काय पडते, असे प्रश्न मनात यायला लागले की आपण या पुस्तकाच्या विषयात शिरलोच.

विषय आहे लहान शिशुधान प्राण्यांच्या अन्नमार्गाची रचना. शिशुधान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कांगारू उभा राहतो, आणि कांगारूपेक्षाही त्याच्या पोटावरची पिशवी. शाळेच्या पुस्तकात या गटाची ओळख त्या पिशवीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. याला कारण आहे. भारतात एकही शिशुधान प्राणी नाही. त्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोहोचले, तोवर भारताचा भूखंड त्या दक्षिणी साखळीतून निसटून उत्तरेच्या वाटेला लागला होता. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकलेल्या पिढ्यांनी सस्तनांचा अन्नमार्ग पाहिला तो उंदराचा, फार तर सशाचा. त्या दोघांवरून मनात बसलेले चित्र खरे आहे, पण सस्तनांच्या आतड्यांत किती तऱ्हा असू शकतात याचा अंदाज त्यावरून येत नाही. आज जिवंत असलेल्या शिशुधान जाती साडेतीनशेच्या आसपास आहेत. त्यांत कांगारू, वोम्बॅट आणि कोआला ही मोठी मंडळी मोजकीच. बऱ्याचशा जाती मुठीत मावतील एवढ्या, आणि काही तर बोटाच्या पेराला बिलगून बसतील एवढ्या लहान आहेत. कोणी किडे खातो, कोणी मकरंद, कोणी झाडाचा डिंक, कोणी जमिनीखालची बुरशी, कोणी निलगिरीची पाने. या प्रत्येक आहाराची खूण त्यांच्या पोटात उमटलेली आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. लहान प्राण्याचा अन्नमार्ग नुसता कापून, पसरून आणि मोजून समजत नाही. त्याच्या शेजारी दोन गोष्टी ठेवाव्या लागतात: तो प्राणी जिथे जगतो तिथले झाड-झुडूप, आणि लहान देहाचा ऊर्जेचा हिशेब. यातली एक जरी सुटली तरी आतड्याची लांबी हा नुसता आकडा उरतो.

हिशेब असा. प्राणी जितका लहान, तितकी त्याच्या देहातल्या प्रत्येक ग्रॅमची ऊर्जेची गरज मोठी. १० किलोची वॉलबी (कांगारूची धाकटी बहीण) आणि १० ग्रॅमचा डनार्ट (किडे खाणारा शिशुधान) यांच्या वजनात हजारपट अंतर आहे. पण एका ग्रॅममागे पाहिले तर डनार्टला वॉलबीच्या सुमारे साडेपाचपट ऊर्जा लागते. आतड्यांची क्षमता मात्र त्या गरजेच्या मागे धावत नाही. ती ढोबळमानाने वजनाच्या प्रमाणातच राहते. भूक वाढली, भांडे तेवढेच राहिले. मग दोनच वाटा उरतात: अन्न झपाट्याने पुढे सरकवायचे, नाहीतर मुळातच असे अन्न निवडायचे की ज्याच्या थोड्याशा भागात भरपूर सत्त्व असेल. गवत आणि पाने या हिशेबात बसत नाहीत. सेल्युलोज फोडणारे विकर कोणत्याही सस्तनाच्या स्वतःच्या देहात तयार होत नाही. ते काम सूक्ष्मजीवांवर सोपवावे लागते आणि सूक्ष्मजीवांना वेळ लागतो. तो वेळ द्यायचा तर अन्न पोटात तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस अडवून ठेवावे लागते. गाईला ते जमते. दहा ग्रॅमच्या प्राण्याने तसे केले तर भरल्या पोटी उपासमार होईल.

शिशुधान प्राण्यांना या हिशेबात थोडी सवलत मिळालेली आहे. टेरेन्स डॉसन आणि ए. जे. हल्बर्ट यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की ऑस्ट्रेलियातल्या शिशुधान प्राण्यांचा विश्रांतीतला चयापचय त्याच वजनाच्या इतर सस्तनांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो. देहाचे तापमानही किंचित कमी, ३५-३६ अंश सेल्सिअसच्या घरात. डनार्ट आणि पिग्मी पॉसम यांच्यासारख्या जाती तर थंडीत किंवा अन्न आटले की काही तास, काही दिवस देह गार पडू देतात आणि खर्चच आटोक्यात आणतात. ही सवलत लक्षात ठेवली नाही तर त्यांची आतडी आवश्यकतेपेक्षा आखूड वाटत राहतात.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू, आणि सर्वांत साध्या अन्नमार्गापासून सुरुवात करू. डनार्ट, अँटेकायनस, निंगाउई, प्लॅनिगेल ही ऑस्ट्रेलियातली मांसाहारी मंडळी. त्यांतल्या काही प्लॅनिगेलचे वजन अवघे ४-५ ग्रॅम असते. रात्री फटींतून, पालापाचोळ्याखालून टोळ, झुरळे, कोळी पकडायचे, तीक्ष्ण दातांनी चिरडायचे आणि गिळायचे, हा त्यांचा उद्योग. आत एकच कप्पा असलेले जठर, त्यापुढे आखूड आतडे, आणि संपले. लहान आतडे कुठे संपते आणि मोठे कुठे सुरू होते हे बाहेरून पाहून सांगणे अवघड जाते, कारण ही हद्द एरवी ज्याच्यामुळे ओळखू येते तो अंधनालच इथे नसतो. अंधनाल म्हणजे दोन आतड्यांच्या सांध्यावर फुटलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली पिशवी. आपल्या देहात तिच्या टोकाला आंत्रपुच्छ लटकते. किड्यांच्या मऊ भागात प्रथिने आणि चरबी तयार स्वरूपात असतात, त्यांचे पचन प्राण्याचे स्वतःचे विकर करतात, सूक्ष्मजीवांची वाट पाहावी लागत नाही. पंखांचे तुकडे, पायांचे सांधे, टणक कवचाचे कण काही तासांत विष्ठेतून बाहेर पडतात. संशोधकांना याचा फायदा होतो: प्राण्याला इजा न करता, पिंजऱ्यात पडलेल्या लेंड्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याने काल रात्री काय खाल्ले ते वाचता येते.

इथे एक घाईचा निष्कर्ष निघतो, आणि तो पुष्कळ पुस्तकांत छापलाही गेला आहे: किडे खाणाऱ्याला अंधनाल नको, म्हणून तो नाही. हे अर्धेच खरे आहे. दक्षिण अमेरिकेतला करडा आखूडशेपट्या ओपॉसम, ज्याचा जनुकसंच २००७ मध्ये शिशुधान प्राण्यांत सर्वांत आधी उलगडला गेला, तोही किडे आणि लहानसहान भक्ष्य खातो. त्याला लहानसा का होईना, अंधनाल आहे. ऑस्ट्रेलियातल्या बँडिकूट या शिशुधानालाही आहे. म्हणजे आहार एक आणि आतड्यांची घडण वेगळी, असे होऊ शकते. कारण प्रत्येक प्राणी रिकाम्या पाटीवर आखला जात नाही, तो आपल्या कुळाकडून मिळालेल्या आराखड्यातच फेरफार करत असतो. डनार्टच्या कुळात अंधनाल हरवला तो फार पूर्वी. त्याच गणातला, वाळवीवर जगणारा नम्बॅट वजनाने कितीतरी मोठा, पण अंधनाल त्यालाही नाही. आहार आणि वंश या दोन्ही धाग्यांनी आतडे विणले जाते. एका धाग्यावर भार देऊन दुसरा सोडून देणाऱ्या मांडणीवर मी विश्वास ठेवत नाही, आणि पुढच्या प्रकरणांत वाचकानेही ठेवू नये.

उलट बाजूला शुगर ग्लायडर आहे. वजन शंभर ते दीडशे ग्रॅम, पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये ताणलेल्या कातडीवर तरंगत एका झाडावरून दुसऱ्यावर जाणारा. किडे त्याला आवडतात, मकरंद आणि परागही तो खातो. पण हिवाळ्यात किडे दुर्मीळ झाले की तो अकेशियाच्या खोडावरचा डिंक चाटतो आणि निलगिरीची साल दातांनी कुरतडून तिचा गोड रस पितो. डिंक हा लांबलचक साखळ्यांचा कर्बोदक पदार्थ. सस्तनाच्या विकरांना तो दाद देत नाही. म्हणून ग्लायडरचा अंधनाल देहाच्या मानाने मोठा आहे. तिथे सूक्ष्मजीव डिंकाचे किण्वन करतात आणि त्यातून तयार होणारी लघु मेदाम्ले आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातात. डिंक पाण्यात विरघळणारा असल्यामुळे हे काम पानांच्या चोथ्याइतके रेंगाळत नाही, आणि म्हणूनच एवढ्या लहान देहाला ते परवडते. आता हा प्राणी आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही हौसेने पाळला जातो. दुकानात त्याला फळांचे काप आणि मधाचे पाणी द्यायला सांगतात. त्या आहारात प्रथिने तोकडी पडतात आणि कॅल्शियम व फॉस्फरसचे प्रमाण बिघडते. हाडे ठिसूळ होऊन मागचे पाय लुळे पडलेले ग्लायडर जगभरच्या पशुवैद्यांना ठाऊक आहेत. ज्याच्या घरी हा प्राणी आहे त्याने निदान अंधनालाचे प्रकरण तरी वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लहान देहाने पाने खाऊ नयेत, असे वर म्हटले. रिंगटेल पॉसम मात्र पानेच खातो, तीही निलगिरीची. चिवट, टॅनिनने भरलेली, नायट्रोजन जेमतेम असलेली. वजन एक किलोच्या आतबाहेर. या हद्दीवर जगणे त्याला कसे जमते, याचा उलगडा चिलकॉट आणि इयन ह्यूम यांच्या १९८०च्या दशकातल्या कामातून झाला, आणि मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. रिंगटेलच्या मोठ्या आतड्यात अन्नाची निवड होते. पानांचे भरड, तंतुमय तुकडे फार न रेंगाळता पुढे जातात आणि बाहेर पडतात. द्रव भाग, बारीक कण आणि सूक्ष्मजीव मात्र मागे वळवले जाऊन मोठ्या अंधनालात साठतात. गाय नेमके उलट करते: भरड वैरण अडवून धरते आणि बारीक झालेले पुढे सोडते. गाईला पोटात जागा आहे. रिंगटेलने ज्यातून लवकर काही मिळणार नाही त्याला जागाच द्यायची नाही, असे धोरण पत्करले आहे.

तरीही एक अडचण शिल्लक राहते. अंधनालात वाढलेले सूक्ष्मजीव स्वतः प्रथिनांनी भरलेले असतात, पण ते तयार होतात लहान आतड्याच्या पुढे. आणि प्रथिनांचे पचन व शोषण होते ते लहान आतड्यात. हाती आलेले धन असे वाया जाऊ द्यायचे नसेल तर ते पुन्हा तोंडाकडे न्यावे लागेल. रिंगटेल तेच करतो. दिवसा घरट्यात विसावलेला असताना त्याच्या अंधनालातला मऊ, पौष्टिक मळ बाहेर येतो आणि तो थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन तो खातो. रात्री फिरताना पडतात त्या कोरड्या, तंतुमय लेंड्या वेगळ्या. सशातही अशीच सोय आहे, पण सशाचे आणि रिंगटेलचे वंश कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. ही युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे मिळवली. काही वाचकांना हा भाग किळसवाणा वाटेल याची मला जाणीव आहे. त्यांनी क्षणभर त्या पानांतल्या नायट्रोजनाचा तुटवडा डोळ्यांपुढे आणावा.

पोटोरू आणि बेटाँग यांच्याकडे मी थोडक्यात निर्देश करतो, कारण ते एक-दीड किलोचे, या पुस्तकाच्या वरच्या सीमेवरचे. त्यांच्या जठराचा पुढचा भाग पिशवीसारखा फुगलेला असतो आणि किण्वन तिथेही होते. कांगारूंच्या प्रशस्त जठराकडे जाणाऱ्या वाटेवरची ही एक अवस्था समजता येते. क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनातला, अर्ध्या किलोचा कस्तुरी उंदीर-कांगारू तर अजून साधेच जठर बाळगून आहे. पोटोरू जमिनीत उकरून बुरशीची भूमिगत फळे खातो. १९९४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या टू पीपल्स बे इथे, नामशेष झाला असे धरलेला गिल्बर्टचा पोटोरू पुन्हा सापडला, तेव्हा त्याचा जवळजवळ सगळा आहार बुरशीचाच असल्याचे दिसून आले. बुरशीचे बीजाणू त्याच्या आतड्यांतून सुखरूप बाहेर पडतात, आणि त्यांतल्या पुष्कळ बुरशी निलगिरीसारख्या झाडांच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या असतात. म्हणजे हा अन्नमार्ग जंगलाच्या मुळांपर्यंत जातो.

अशीच, पण अधिक नाट्यमय गोष्ट दक्षिण अमेरिकेत घडते. चिली आणि अर्जेंटिनाच्या समशीतोष्ण जंगलांत मोनितो देल मोंते हा तीस-एक ग्रॅमचा शिशुधान प्राणी राहतो. राहायला अमेरिकेत, पण नात्याने ऑस्ट्रेलियाच्या मंडळींना जवळचा. तिथल्या एका बांडगुळाची फळे तो गिळतो. गिलेर्मो आमिको आणि मार्सेलो आइसेन यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये जे मांडले ते असे की त्या बांडगुळाच्या बिया या प्राण्याच्या आतड्यांतून गेल्याशिवाय रुजत नाहीत, आणि तो त्या फांद्यांवर टाकतो, जिथे त्यांना नेमके चिकटायचे असते. हिवाळ्यात त्या बांडगुळाच्या फुलांवर तिथला हमिंगबर्ड जगतो. आतड्याचा अभ्यास प्राण्याच्या कातडीपाशी थांबवणे मला का पटत नाही, ते यावरून वाचकाच्या ध्यानात येईल.

आता पुन्हा हनी पॉसमकडे. त्याच्या जवळच्या नात्यातल्या सगळ्या पॉसमांना अंधनाल आहे, त्याला नाही. दात जवळपास विरघळलेच आहेत: खालच्या जबड्यात पुढे आलेले दोन लांब दात, बाकी खुंट्या. चावण्यासारखे काही तो खातच नाही. जीभ लांब, टोकाला ब्रशसारख्या केसाळ उंचवट्यांची. ती फुलात शिरते आणि परत येताना टाळूवरच्या आडव्या कडांवर घासली जाऊन परागकण खरवडले जातात. जठराला एक बाजूची पिशवी आहे. भराभर प्यायलेला मकरंद पुढे नेण्याआधी तिथे साठत असावा, असा रिचर्डसन, वुलर आणि कॉलिन्स यांचा १९८६ मधला तर्क आहे. त्यापुढे आखूड आतडे. मकरंदातली साखर शोषायला अडचण काहीच नाही. खरे कोडे परागकणांचे. परागकणाची बाहेरची भिंत निसर्गातल्या अत्यंत टिकाऊ पदार्थांपैकी एक आहे. लाखो वर्षांनी गाळात सापडते तरी तिचे नक्षीकाम शाबूत असते. एवढ्या आखूड नळीत, किण्वनाची कोणतीही सोय नसताना, ती फुटणार कशी? ती फुटत नाहीच. सुमारे सहा तासांच्या प्रवासात कणाच्या आतला जीवद्रव्याचा भाग भिंतीतल्या छिद्रांवाटे निघून जातो आणि विष्ठेत रिकामी, अखंड कवचे येतात. प्रत्येक वनस्पतीच्या परागाची नक्षी वेगळी, त्यामुळे त्या कवचांवरून हा प्राणी कोणकोणत्या फुलांवर गेला होता तेही कळते.

या आतड्याला पर्याय नाही. किडे चावायला दात नाहीत, पाने आंबवायला अंधनाल नाही. बारा महिने कुठले ना कुठले फूल उमलत राहिले पाहिजे, ही या रचनेची अट आहे, आणि नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियाच्या माळरानात ती आजवर पुरी होत आली. आता तिथल्या मातीत फायटोफ्थोरा सिनॅमोमाय हा बाहेरून आलेला रोगजंतू पसरतो आहे. तो बँक्सियाची मुळे कुजवतो आणि झुडपांचे पट्टेच्या पट्टे मारतो. दीर्घ अंतराने येणाऱ्या वणव्यानंतर माळरान सावरत असे. वणवे वारंवार आले तर झुडपांना फुलण्याइतके वयच मिळत नाही. हनी पॉसमची काळजी करणाऱ्यांनी त्याच्या आतड्याचे चित्र आणि त्या माळरानाचा फुलोऱ्याचा तक्ता शेजारी शेजारी लावावेत, इतके ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

तशीच गत डोंगरी पिग्मी पॉसमची. रॉबर्ट ब्रूम यांनी १८९५ मध्ये त्याचे जीवाश्मरूप अवशेष अभ्यासले, आणि १९६६ मध्ये माउंट हॉथम इथल्या एका स्कीइंगच्या निवासात तो जिवंत सापडेपर्यंत सगळे त्याला लुप्त मानत होते. बर्फाखाली महिनोन्‌महिने झोपून उठल्यावर या ४५ ग्रॅमच्या प्राण्याला लागलीच चरबीयुक्त अन्न हवे असते, आणि ते येते शेकडो किलोमीटर दूरच्या मैदानांतून उडत: बोगाँग पतंग. २०१७-१८ च्या सुमारास दुष्काळामुळे पतंगांची संख्या कोसळली तेव्हा माद्यांच्या पिशव्यांतली पिल्ले भुकेने दगावली.

पिल्लांचा विषय निघाला आहे तर त्यांच्या आतड्यांबद्दल बोलणे भाग आहे, कारण शिशुधान प्राण्याचा अन्नमार्ग दोनदा घडतो. हनी पॉसमचे नवजात पिल्लू ५ मिलिग्रॅमच्याही आतले. त्याहून लहान सस्तन पिल्लू माहीत नाही. डोळे, कान, मागचे पाय अजून कळीच्या अवस्थेत. तरी ते स्तनाग्र पकडून दूध गिळते आणि पचवते. त्या वेळी जठरातल्या ग्रंथी पुरत्या घडलेल्या नसतात. आतड्याच्या भिंतीतल्या पेशी दुधातले रेणू आत ओढून घेतात आणि पचनाचा बराच भाग पेशींच्या पोटात उरकतात. शिशुधान प्राण्यांच्या दुधातली साखरही बहुतांशी गॅलॅक्टोजच्या लहान साखळ्यांच्या रूपात असते आणि तिचे पचन याच पद्धतीने होते, हे सिडनीच्या मायकेल मेसर यांच्या व सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. पिल्लू वाढते तसतसे आईचे दूध बदलत जाते आणि आतडेही. मग दूध सुटण्याच्या सुमारास, ज्या जातीला जसा आहार तशी रचना आकार घेते. प्रौढ प्राण्याच्या आतड्याचे चित्र हा या दीर्घ बदलाचा शेवटचा टप्पा आहे.

आणि एक टप्पा त्याही पुढचा. अँटेकायनसचे नर एकाच विणीच्या हंगामापुरते जगतात. त्या काही आठवड्यांत ते जवळजवळ खाणेच सोडतात. रक्तातले तणावाचे संप्रेरक चढत जाते, स्वतःच्या स्नायूंतली प्रथिने मोडून ऊर्जा काढली जाते, प्रतिकारशक्ती ढासळते. जठरात आणि आतड्यात व्रण पडतात, रक्तस्राव होतो, परजीवी माजतात. वर्षभराचे आयुष्य पुरे व्हायच्या आतच सगळे नर मेलेले असतात. माद्या मागे राहतात, गाभण. ज्या अन्नमार्गाने वर्षभर इतक्या तंतोतंत हिशेबाने देह चालवला, तोच शेवटी आधी हार खातो. या भागातली सूक्ष्म छेदचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. सवयीने ती सोपी होत नाहीत.

ज्यांच्या श्रमांवर हे ज्ञान उभे आहे त्यांचे ऋण मानायला हवे. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ओवेन यांनी लंडनमध्ये बसून, दारूत बुडवून आलेल्या नमुन्यांवरून शिशुधान प्राण्यांच्या शरीररचनेचा पाया घातला. १९०५ मध्ये पीटर चाल्मर्स मिचेल यांनी सस्तनांच्या आतड्यांवरचा मोठा निबंध प्रसिद्ध केला. उलगडून पसरलेल्या आतड्यांची त्यातली रेखाचित्रे आजही उपयोगी पडतात. पण त्या दोघांपुढे होते ते मृत प्राणी. जिवंत प्राण्याने खाल्ले किती, टाकले किती, अन्न किती तास आत राहिले, हे मोजणारी पिढी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियातच तयार झाली. इयन ह्यूम यांचे १९८२ चे पुस्तक आणि त्याचे १९९९ मधले विस्तारलेले रूप हे या विषयाचे आधारस्तंभ आहेत. मी हा विषय त्या ग्रंथांतूनच शिकलो.

शेवटी मोजमापांविषयी एक सूचना, कारण पुढे तक्ते बरेच आहेत. जिवंत आतडे स्नायूंच्या ताणामुळे आखडलेले असते. मृत्यूनंतर ते सैलावते, उचलून धरले तर लांबते, फॉर्मेलिनमध्ये ठेवले तर आक्रसते. १० ग्रॅमच्या प्राण्याच्या बाबतीत चिमट्याने किंचित ओढले तरी आकडा फिरतो. त्याशिवाय आहार बदलला की आतड्याची लांबी आणि अंधनालाचा आकार त्याच प्राण्यातही बदलू शकतो. पावसाळ्यातला नमुना आणि कोरड्या महिन्यातला नमुना सारखे नसतात. म्हणून प्रत्येक तक्त्यात नमुना ताजा होता की जतन केलेला, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या अधिवासातून मिळाला, आणि मादी असेल तर पिशवीत पिल्ले होती का, याचे रकाने आधी दिले आहेत आणि लांबीचे आकडे नंतर. वाचकाने ते त्याच क्रमाने वाचावेत.